दोन अश्वशक्तींचा फरक

लहानपणी तुम्ही गाड्यांचे पत्ते खेळला आहात का? पत्त्यावर एका गाडीचा फोटो आणि खाली आकडे: वेग, सिलिंडर, अश्वशक्ती. आपण एक आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्यानं दोन्ही पत्ते उचलायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझा मावसभाऊ हा खेळ इतका खेळायचो की पत्त्यांचे कोपरे गोल झाले होते. माझा लाडका पत्ता लॅम्बोर्गिनी मिउरा, त्याचा फेरारी डेटोना. दोन्ही गाड्यांना 12 सिलिंडर, दोन्हींचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या आसपास. पण अश्वशक्ती माझी 350 आणि त्याची 352. तो मुद्दाम अश्वशक्तीच पुकारायचा आणि माझी मिउरा जायची.

आता दादा इटलीत बोलोन्याला शिकतो. गेल्या नोव्हेंबरात मी आठ दिवस त्याच्याकडे गेले, तेव्हा विमानतळावरच त्यानं विचारलं, "रोम बघायचंय की जुना हिशोब मिटवायचाय?" कारण त्या दोन्ही गाड्या ज्या गावांत जन्मल्या, ती दोन्ही गावं बोलोन्यापासून तासाभराच्या आत आहेत. आणि एकमेकांपासून? जेमतेम चाळीस किलोमीटर. रोम राहिलं.

तुम्ही कधी या भागात गेलात तर आधी एक गोष्ट सांगून ठेवते. इथे डोंगरातले वळणदार रस्ते, समुद्र वगैरे काही डोळ्यांसमोर आणू नका. हा पो नदीच्या खोऱ्याचा सपाट, शेतीचा प्रदेश आहे. द्राक्षांचे मळे, पॉप्लरच्या रांगा, चीजचे कारखाने आणि हिवाळ्यात असं दाट धुकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे हाच काय तो रस्ता. या मातीत फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, पगानी आणि मोटरसायकलवाली डुकाटी अशा सगळ्या कंपन्या एकमेकींच्या शेजारी आहेत. शेतीची यंत्रं दुरुस्त करणारे हात जिथे घरोघरी होते, तिथे इंजिनं जमणारच, असं दादाचं म्हणणं. मला ते पटलं.

आम्ही दादाच्या मित्राची जुनी चौकोनी फियाट पांडा मागून आणली होती. हीटर एकाच बाजूला चालत होता. त्या बाजूला मी बसले.

पहिला मुक्काम मोदेना. इथे एन्झो फेरारीच्या वडिलांचं घर आणि कारखाना होता, तिथे आता संग्रहालय आहे. जुन्या विटांच्या इमारतीला कवेत घेणारं एक पिवळंधमक छत, गाडीच्या बॉनेटसारखं. तिथून अठरा किलोमीटरवर मारानेल्लो. हे गाव म्हणजे फेरारीचं देवस्थानच समजा. चौकात घोडा, दुकानात घोडा, कॉफीच्या कपावर घोडा. फॉर्म्युला वनची शर्यत फेरारीनं जिंकली की गावातल्या चर्चची घंटा वाजवायची इथली जुनी पद्धत. संग्रहालयाच्या आसपास "दहा मिनिटं फेरारी चालवा" असे फलक लावलेली दुकानं आहेत. भाव ऐकून आम्ही मुकाट्यानं पांडाकडे परतलो.

कारखान्याच्या जुन्या दरवाज्यासमोर कावालिनो नावाचं रेस्टॉरंट आहे, एन्झो तिथेच जेवायला यायचा. दरवाज्यातून आत जाता येत नाही, बाहेरून फोटो काढायचा. याच दरवाज्यातून 1947 मध्ये पहिली फेरारी बाहेर पडली.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. तुम्ही ती व्हॉट्सअॅपवर नक्की वाचली असेल. ट्रॅक्टर बनवून श्रीमंत झालेला फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आपल्या फेरारीचा क्लच वारंवार बिघडतो म्हणून एन्झोकडे तक्रार घेऊन गेला. एन्झो म्हणाला, तुला ट्रॅक्टर चालवता येतो, फेरारी नाही. अपमान झालेल्या फेरुच्चोनं 1963 मध्ये स्वतःची गाड्यांची कंपनी काढली. खाली भगव्या अक्षरात: अपमानाला यशानं उत्तर द्या!

कबूल करते, कामाचा भाग म्हणून ही गोष्ट मी स्वतः दोन-तीनदा लिहिली आहे. फेरुच्चो ती स्वतः रंगवून सांगायचा, त्यामुळे किती खरी, किती मीठमसाला, हे तोच जाणे. पण तिथे उभं राहिल्यावर मला जाणवलं की या गोष्टीत ज्यांनी गाडी बनवली ते कुठेच नाहीत. दोन मालक भांडतात आणि गाडी जणू आपोआप तयार होते.

मिउरा कशी तयार झाली ते ऐका. 1965 साली सांतागाता बोलोन्येझे या गावातल्या नव्या कारखान्यात जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोन इंजिनिअर होते, आणि गाड्या चालवून तपासणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस. तिघांनाही शर्यतीची गाडी बनवायची होती. मालकाला शर्यतीत पैसे घालवायचे नव्हते. मग हे तिघं कामाची वेळ संपल्यावर बसून एक सांगाडा आखू लागले. इंजिन पुढे नाही, तर सीटच्या मागे, गाडीच्या मध्यावर. आणि तेही आडवं.

यात काय विशेष, असं वाटेल. 12 सिलिंडरचं इंजिन म्हणजे लांबच लांब धूड. ते माणसांच्या पाठीमागे उभं ठेवलं तर गाडी फार लांब होणार. इंग्लंडच्या छोट्याशा मिनी गाडीत इंजिन आडवं बसवून जागा वाचवली होती. या पोरांनी तीच युक्ती या प्रचंड इंजिनाला लावली. तरी जागा पुरेना, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात घेतले, दोघांना तेलही एकच.

नोव्हेंबर 1965 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा ठेवला. त्यावर शरीर चढवायचं काम बेर्तोने या कंपनीनं घेतलं आणि तिथे ते पडलं मार्चेल्लो गांदिनी नावाच्या नव्या माणसाकडे. मार्च 1966 मध्ये जिनिव्हाला गाडी उभी. इतकी घाई झाली होती की त्या गाडीत इंजिन बसलंच नव्हतं, जागा वजनं टाकून भरली होती आणि झाकण उघडायला कुणी धजत नव्हतं, असं सांगतात. लोकांनी तरीही ऑर्डरी दिल्या. फेरुच्चोला वाटलं होतं, चार गाड्या जातील आणि जाहिरात होईल. 1973 पर्यंत साडेसातशेच्या वर गेल्या.

आता वयं बघा. सांगाडा तुरिनला ठेवला तेव्हा दाल्लारा 28 वर्षांचा, स्तान्झानी 29. वॉलेस 27. गांदिनी 27. चौघांत एकही तिशीचा नाही. मी 25 वर्षांची आहे आणि मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की "अजून तुझं शिकायचं वय आहे" हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकते. म्हणून ही वयं वाचल्यावर मी दोनदा बेरीज-वजाबाकी करून पाहिली.

मग मला वाटलं, चला, आपला मुद्दा सिद्ध झाला. एकीकडे पोरांना मोकळं सोडणारा फेरुच्चो, दुसरीकडे हट्टी म्हातारा एन्झो. मिउरा म्हणजे तरुणाई आणि डेटोना म्हणजे जुनं ते सोनं. दादाला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, "डेटोना कुणी काढली ते बघ की जरा."

डेटोनाचं रेखाटन लिओनार्दो फिओरावांतीचं. पिनिनफारिना या कंपनीतला इंजिनिअर, जन्म 1938. गांदिनीचाही जन्म 1938. म्हणजे ज्या दोन गाड्यांना आपण दोन पिढ्यांचं भांडण समजतो, त्या एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांनी तिशीच्या आत काढल्या होत्या! आणि बेर्तोनेत गांदिनीला ज्याची जागा मिळाली, तो नुकताच नोकरी सोडून गेलेला जॉर्जेत्तो जुजारो, त्याचाही जन्म 1938. जुजारोचं नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम तुम्ही पाहिलं आहे. आपल्या रस्त्यांवर धावलेली ती गुबगुबीत मॅटिझ आठवते? ती त्याच्याच कंपनीची. आणि आम्ही ज्या पांडात कुडकुडत बसलो होतो, ती चौकोनी पांडासुद्धा त्याचीच.

आता डेटोनाबद्दल. तिचं खरं नाव 365 जीटीबी/4. फेरारीनं 1967 मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक मारले, म्हणून लोकांनी तिला डेटोना म्हणायला सुरुवात केली. कंपनीनं हे नाव अधिकृतपणे दिलं नव्हतं. ऑक्टोबर 1968 मध्ये ती पॅरिसला आली. मिउरा येऊन अडीच वर्षं झाली होती, सगळं जग इंजिन मध्यभागी ठेवायच्या गप्पा मारत होतं, आणि फेरारीनं इंजिन पुन्हा पुढेच ठेवलं. घोडे गाडी ओढतात, ढकलत नाहीत, असं एन्झो म्हणायचा म्हणे.

पण हा नुसता हट्ट होता का? फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांत इंजिन केव्हाच मागे गेलं होतं. प्रश्न गिऱ्हाईकाचा होता. जिचं वजन मध्यावर आहे अशी गाडी भरधाव वळणावर सुटली, तर साध्या माणसाला सावरत नाही, ही त्याची भीती. आणि मिउरानं ती पूर्ण खोटी ठरवली नाही. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की नाक हलकं, आणि वेगात ते उचलल्यासारखं वाटायचं. इंजिन डोक्यामागे, मध्ये एक काच. आवाज आणि उष्णता दोन्ही सहन करायची. सिग्नलला जास्त वेळ उभं राहिलं तर कार्ब्युरेटरवर पेट्रोल साचून आग लागल्याच्या घटनाही झाल्या. सामानाला जागा म्हणजे मागे एक लहानसा कप्पा.

डेटोनात उलट. लांब बॉनेटखाली 4.4 लिटरचं इंजिन पुढे, पण गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं गेलं. हळू चालवताना स्टिअरिंग इतकं जड की दंड भरून यावेत. वेग घेतला की हलकं होतं. दोन माणसं, त्यांच्या बॅगा, आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. 1971 मध्ये अमेरिकेत डॅन गर्नी आणि ब्रॉक येट्स यांनी एका डेटोनातून न्यूयॉर्क ते कॅलिफोर्नियाचा किनारा 35 तास 54 मिनिटांत गाठला. ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत 1972, 73 आणि 74, सलग तीन वर्षं डेटोनानं आपला गट जिंकला. 1979 साली, कारखान्यात बनायची बंद होऊन वर्षं लोटली असताना, एक जुनी डेटोना थेट डेटोनाच्याच शर्यतीत दुसरी आली. मिउरा काढणाऱ्या पोरांना शर्यत हवी होती, पण मिउरा कारखान्यातर्फे शर्यतीत कधी उतरलीच नाही. शर्यती जिंकल्या त्या म्हाताऱ्या पद्धतीच्या गाडीनं.

हे सगळं दादा पांडा चालवताना सांगत होता आणि मला उत्तर सुचत नव्हतं.

मोदेनाला परतताना एन्झोबद्दल एक गोष्ट मात्र मी त्याला ऐकवली. एन्झोचा मुलगा दिनो 1956 मध्ये आजारपणात गेला. 24 वर्षांचा होता. तोही इंजिनांच्या कामात होता. बाप रोज सकाळी त्याच्या कबरीवर जायचा, असं सांगतात. आणि एन्झोनं साध्या गिऱ्हाईकासाठी मध्यावर इंजिन असलेली नेहमीची गाडी पहिल्यांदा काढली, ती डेटोनाच्याच सुमारास. लहान, 6 सिलिंडरची. तिच्यावर फेरारीचं नाव घातलं नाही. तिचं नाव दिनो.

दादा यावर काही बोलला नाही. धुकंही वाढलं होतं.

मोदेनाहून नोनान्तोला गावावरून सांतागाताला रस्ता जातो. सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना शेतं. नोनान्तोला सोडल्यावर आमच्या पुढे एक ट्रॅक्टर आला. ओव्हरटेक करायची सोय नाही, समोरचं दिसतच नव्हतं. वीस मिनिटं आम्ही त्याच्या मागे रखडलो. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांच्या दोन गावांमधून ताशी 25 किलोमीटरनं! तो ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा होता हे बघायचा आम्ही खूप प्रयत्न केला, चिखलामुळे कळलं नाही.

ट्रॅक्टरवरून आठवलं. डेटोना जिथे कागदावर उतरली, ती पिनिनफारिना आता कुणाच्या ताब्यात आहे माहीत आहे? महिंद्राच्या! 2015 मध्ये करार झाला. म्हणजे ज्या फेरारीवरून ट्रॅक्टरवाल्याला टोमणा मारल्याची गोष्ट सांगतात, तिचं रूप घडवणारी कंपनी आज आपल्या मुंबईच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे आहे. ही गोष्ट मात्र मला व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवली नाही.

सांतागाता हे मारानेल्लोसारखं सजलेलं गाव नाही. हमरस्त्याला लागून कारखाना, त्यातच संग्रहालय. बैल आहे, पण घोड्याइतका चौकाचौकात नाही. फेरुच्चोची रास वृषभ, म्हणून खूण बैलाची, आणि मिउरा हे नाव स्पेनमधल्या लढाऊ बैल पाळणाऱ्या घराण्याचं. फेरुच्चोच्या आयुष्यात जास्त रस असेल तर बोलोन्याजवळ फुनो या गावी त्याच्या मुलानं उभारलेलं वेगळं संग्रहालय आहे. तिथे ट्रॅक्टरही आहेत. मुलांना घेऊन गेलात तर तेच आधी दाखवा, असं मी म्हणेन.

आणि इथे, सांतागाताला, मी मिउरा पाहिली.

पत्त्यावरच्या फोटोत एक गोष्ट कधीच कळली नव्हती: ती किती बुटकी आहे. उंची 105 सेंटिमीटर. माझ्या कंबरेच्या जरा वर. डेटोना तिच्याहून जवळजवळ वीत उंच, आणि डेटोनासुद्धा बसकी गाडीच आहे. दिव्यांभोवती काळ्या पट्ट्या, अगदी पापण्यांसारख्या. नंतरच्या एसव्ही मॉडेलमध्ये या पापण्या काढून टाकल्या. ज्यानं कुणी ते ठरवलं त्याच्याशी माझं भांडण आहे. मागच्या काचेवर आडव्या काळ्या पट्ट्या, त्यांच्याखाली ते आडवं इंजिन. उभ्या जागी ती पळत असल्यासारखी दिसते. डेटोना देखणी आहे, तुम्ही तिला मान देता. मिउरासमोर तुम्ही गप्प होता. एक छोटा मुलगा माझ्या शेजारी जमिनीवर पोट टेकून तिला खालून बघत होता आणि त्याची आई त्याला उठवत नव्हती.

दादानं विचारलं, "मग? कुठली चांगली?"

नेपल्सला जायचं असेल तर डेटोना, मी म्हटलं. बॅगा बसतात, पोचायची खात्री आहे. गाडी म्हणून तीच चांगली. लिलावात मात्र चांगली मिउरा एसव्ही डेटोनापेक्षा कितीतरी जास्त पैशांना जाते, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. कारण डेटोना हे एका रस्त्याचं शेवटचं घर होतं आणि मिउरा हे दुसऱ्या रस्त्याचं पहिलं. पहिल्या घराला गळती असतेच. डेटोनानंतर 1973 मध्ये फेरारीनं तिच्या जागी जी 12 सिलिंडरची गाडी विकायला काढली, तिच्यात इंजिन कुठे होतं? मागे. एन्झोनंही शेवटी मान्य केलं.

"आणि नव्वदीत पुन्हा पुढे आणलं," दादा म्हणाला. "मारानेल्लो नावाचीच गाडी होती ती. आणि आत्ताच्या बारा सिलिंडरवाल्या नव्या फेरारीचं नाक बघ, डेटोनाचीच आठवण करून देतं."

हे त्याचं खरं होतं.

त्या पोरांचं पुढे काय झालं, तेही सांगते. दाल्लारानं लॅम्बोर्गिनी सोडली आणि 1972 मध्ये आपल्या गावी स्वतःची कंपनी काढली. आज अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीच्या सगळ्या गाड्यांचे सांगाडे तीच बनवते. म्हणजे शर्यत त्याला मिळालीच. गांदिनीनं 1971 मध्ये काउंटाश काढली, तीही लॅम्बोर्गिनीचीच, आणि 2024 च्या मार्चमध्ये तो गेला. फेरुच्चोनं सत्तरीच्या दशकात कंपनी विकली आणि उंब्रियात द्राक्षांचा मळा केला. शेवटी शेतकऱ्याचा मुलगा शेताकडे गेला. एन्झोनं 1969 मध्ये निम्मी कंपनी फियाटला दिली, पण 1988 मध्ये जाईपर्यंत तो कारखान्यातच होता.

तुम्ही जाणार असाल तर दोन सूचना. दोन्ही ठिकाणी प्रदर्शनातल्या गाड्या बदलत राहतात, म्हणून अमुकच गाडी बघायची असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि नोव्हेंबरात जाऊ नका. किंवा जा, पण हीटरच्या बाजूला बसा.

बोलोन्यात शिरेपर्यंत अंधार झाला होता. सिग्नलला थांबलो तेव्हा दादा समोर बघत म्हणाला, "तरी अश्वशक्ती 352."

मी म्हटलं, "आता पुकारायची पाळी माझी. उंची. कमी असेल तो जिंकला. 105."

"उंची पत्त्यावर नव्हती," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.